पणजी, समुद्र वगळून: आई-अण्णांना घेऊन दोन दिवस

जेलरोडकर (१४ नोव्हेंबर, रात्री १०:०५)

मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई-अण्णांना घेऊन गोव्याला जायचं ठरतंय. आईचे गुडघे दुखतात. अण्णा ७४ वर्षांचे, चालायला अजून माझ्यापेक्षा ठणठणीत. दोघांनाही समुद्रात रस नाही. "वाळूत बूट भरतात," इति अण्णा. म्हणून पणजीतच मुक्काम टाकावा आणि राजधानीचं गाव निवांत बघावं असा विचार आहे. दोन पूर्ण दिवस हातात आहेत.

मी स्वतः गोव्याला चार वेळा गेलोय आणि पणजी म्हणजे कळंगुटला जाताना लागणारा पूल, एवढीच माझी ओळख. गुगलवर 'पाहण्यासारखी १० ठिकाणं' छापाचं खूप सापडतं, ते नकोय. काय बघावं आणि का बघावं, हे कुणी सांगेल का? अण्णा प्रेसमधून निवृत्त झालेत (नाशिकरोडकरांना कुठली प्रेस हे सांगायला नको; बाकीच्यांसाठी, नोटा आणि पोस्टाची तिकिटं छापणारा सरकारी छापखाना). इतिहासाच्या बाबतीत त्यांना थाप मारून चालत नाही, लगेच साल विचारतात.

---

सीबीएसचा_चहा (१४ नोव्हेंबर, रात्री १०:३१)

पणजीत दोन दिवस? सकाळी नाश्ता करून निघालात तर जेवणाआधी गाव संपेल. २०११च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या ४०,०१७ होती. आपलं नाशिक १४ लाख ८६ हजार. राज्याची राजधानी म्हणतात, पण आपल्याकडे एवढी माणसं एकेका प्रभागात असतात.

नदीत कॅसिनोची जहाजं उभी असतात, ती काठावरून फुकट बघा. आत जाऊ नका. मी गेलो होतो. पुढचं विचारू नका.

---

मळ्यातली (१५ नोव्हेंबर, सकाळी ७:१२)

चहावाले, गाव लहान आहे म्हणूनच ते चालत बघता येतं. मी जन्माने पणजीची, मळा भागातली. लग्नानंतर २६ वर्षं इंदिरानगरात राहते. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, मग बाकीचं आपोआप जुळत जाईल. पणजी ही मोडलेल्या राजधानीच्या सामानावर उभी राहिलेली राजधानी आहे. पोर्तुगीजांची खरी राजधानी मांडवीच्याच काठी, नऊ-दहा किलोमीटर वर असलेलं जुनं गोवें. तिथे कॉलरा आणि हिवतापाच्या साथी सुरू झाल्या, माणसं मरू लागली, उरलेली पळू लागली. शेवटी १७५९ साली खुद्द व्हाइसरॉयने बिऱ्हाड हलवलं आणि पणजीला नदीकाठच्या आदिलशहाच्या जुन्या वाड्यात येऊन राहिला. त्या वेळी पणजी म्हणजे दलदल, वाळूच्या टेकड्या आणि थोडी घरं. १८२६ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू याने भर घालून, पाणी काढून सरळ रेषेतले रस्ते पाडले. आणि २२ मार्च १८४३ला राणीच्या फर्मानाने 'नोव्हा गोवा', म्हणजे नवं गोवें, ही अधिकृत राजधानी झाली. ८४ वर्षं कारभार इथून चालत होता, कागदावर मात्र राजधानी तिकडेच! सरकारी काम तेव्हाही सरकारीच होतं.

आता सामानाचं सांगते. चर्च स्क्वेअरच्या वरचं ते पांढरंशुभ्र चर्च सगळ्यांनी फोटोत बघितलंय. १५४१ साली तिथे छोटं कपेल, म्हणजे प्रार्थनाघर होतं. लिस्बनहून आलेले खलाशी जहाजातून उतरून आधी तिथे माथा टेकायचे. पुढे १६१९मध्ये मोठं चर्च झालं. त्यावरची घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली आहे. मठ ओसाड पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली इथे आली. गोव्यातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा. लहानपणी संध्याकाळी ती वाजली की आई म्हणायची, दिवा लाव. आमचं घर हिंदूंचं, पण दिवेलागणीची वेळ चर्चवरून कळायची.

फोंतेन्हाश या पणजीतल्या जुन्या वस्तीत सां सेबास्तियांवचं लहानसं कपेल आहे. तिथला क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता. खटला चालायचा तो ह्याच्यासमोर. एरवी क्रूसावरच्या येशूचे डोळे मिटलेले आणि मान कललेली असते. ह्याचे डोळे सताड उघडे आहेत. १८१२ला इन्क्विझिशन बंद झालं, तेव्हा क्रूस पणजीच्या वाड्यात आला. १९१८ साली गव्हर्नर वाडा सोडून काबोला, नदीच्या मुखावरच्या टेकाडावर, राहायला गेला तेव्हा तो कपेलात गेला. मी शाळेत असताना त्याच्याकडे बघायला घाबरायचे.

फोंतेन्हाश म्हणजे झऱ्याकडची वस्ती. आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याशी, आमच्या मळ्यात, फोंत फेनिक्स नावाचा झरा आहे, त्यावरून नाव पडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी मोझांबिकात पैसा करून आलेल्या एका माणसाची तिथे नारळाची बाग होती. लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणायचे. मग घरं झाली. निळी, पिवळी, गेरूच्या लाल रंगाची. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, आणि पाऊस सरला की घर रंगवायचंच असा पोर्तुगीज काळातला दंडक. काही खिडक्यांना अजून काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. आतून बघितलं तर उजेड ताकासारखा दिसतो.

झऱ्यापासून वर टेकडीवर आमचा मारुती. तुमच्या नाशिकच्या दुतोंड्या मारुतीसारखा पाण्यात उभा नाही, उंचावरून गावावर नजर ठेवून असतो.

बाकी नंतर लिहीन, कुकर झाला.

---

तिवंधा (१५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०)

ताई, कुकर बाजूला ठेवा आणि लिहा.

जुन्या गावाच्या सामानावर नवं गाव हे वाचून आमचा वाडा आठवला. पाच वर्षांपूर्वी उतरवला. तुळया, कोरीव खांब, दिंडीदरवाजा, सगळं एका व्यापाऱ्याने वजनावर नेलं. मागच्या वर्षी एका लग्नाला रिसॉर्टवर गेलो तर स्वागताच्या टेबलामागे आमच्या माजघराचा खांब! खालच्या बाजूला मी लहानपणी खिळ्याने कोरलेला 'अ' तसाच. फोटो काढला आणि जेवायला बसलो, दुसरं काय करणार.

अवांतर: ३१ जानेवारी रस्त्याबद्दल एक. फोंतेन्हाशमधून जाणाऱ्या या रस्त्याचं नाव पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाल्याच्या तारखेवरून पडलं असं सगळ्या गाइडांनी आणि पाट्यांनी पाठ केलंय. ती तारीख १ डिसेंबर १६४०. ३१ जानेवारी हा १८९१ सालच्या पोर्तो शहरातल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाचा दिवस, आणि त्याच्या नावाचे रस्ते पोर्तुगालातही आहेत. अण्णांनी साल विचारलं तर तयारी असू द्या.

---

मळ्यातली (१५ नोव्हेंबर, दुपारी २:५५)

तिवंधा, शाब्बास. आमच्या गल्लीतसुद्धा कुणी हे सांगितलं नव्हतं. आणि तुमच्या 'अ'ने दुपारची झोप घालवली.

जेलरोडकर, अण्णा प्रेसमधले ना? मग एक जागा त्यांच्यासाठीच आहे. सां तोमे भागातल्या हेड पोस्टात जा. ती इमारत एके काळी तंबाखूच्या व्यापाराची. तिच्या समोर कासा दा मोएदा, म्हणजे टांकसाळ. जुन्या गोव्याची टांकसाळ १८३४ साली तिथे आणली आणि काही वर्षं तिथे नाणी पाडली. आता ते खाजगी घर आहे, बाहेरूनच बघायचं. घंटी वाजवून "बघू का" म्हणू नका, तिथले लोक पर्यटकांना आधीच विटलेत. फोंतेन्हाशमध्येही तसंच. लग्नाआधीच्या फोटोंसाठी लोक दुसऱ्याच्या पायरीवर कपडे बदलतात म्हणे.

---

पेन्शनर_गंगापूररोड (१५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०)

चर्चा छान चालली आहे. मराठी माणसाने पणजीला जाताना एक साल मात्र लक्षात ठेवावं. १६ जानेवारी १९६७.

गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला. पुढे प्रश्न उभा राहिला की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. जनमत कौल घेतला. विलीनीकरणाला 'फूल' ही निशाणी, वेगळं राहण्याला 'दोन पानं'. मी तेव्हा दहावीत. आमच्या घरी सगळ्यांना खात्री की गोवा येणार, कारण मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतःच विलीनीकरणाचे. निकाल लागला: दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. वडिलांनी त्या दिवशी रेडिओ बंद केला आणि संध्याकाळपर्यंत लावला नाही.

गंमत पुढे आहे. ज्यांनी विलीनीकरण नाकारलं त्याच मतदारांनी काही आठवड्यांत पुन्हा बांदोडकरांचंच सरकार निवडून दिलं! त्यांची समाधी मिरामारला आहे. समुद्र नको म्हणालात तरी तेवढ्यापुरतं जाऊन या. गोवा घटकराज्य झालं ते ३० मे १९८७ला, पणजी तेव्हापासून खऱ्या अर्थाने राज्याची राजधानी.

आज वाटतं, फूल जिंकलं असतं तर पणजी एका जिल्ह्याचं ठिकाण झाली असती. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणांची अवस्था बघता त्यांनी बरंच केलं असंही वाटतं. वडील हयात असताना हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

---

सीबीएसचा_चहा (१५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४८)

काका, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टाळ्या.

पण राजधानी कसली? विधानसभा तर २००० सालापासून नदीपलीकडे पर्वरीला. २०२१ला हायकोर्टही तिकडेच गेलं. पणजीत उरलं काय?

---

मळ्यातली (१५ नोव्हेंबर, रात्री ९:०२)

गाव उरलं. चहावाले, तुम्हाला एकदा नेऊनच दाखवायला हवं.

पलीकडे जाण्याचा विषय निघालाच आहे तर पुलांचं सांगते. पणजी ते रायबंदर असा तीन किलोमीटरचा जुना बांध आहे, पोंत द लिन्यारेश. १६३३-३४ साली खाजणातून, कांदळवनातून बांधला. त्यावरून अजून बसेस जातात. आणि मांडवीवरचा मुक्तीनंतरचा पहिला मोठा पूल ५ जुलै १९८६ला पडला. मी तेव्हा शाळेत होते, धो धो पाऊस होता. पुढे नवा पूल होईपर्यंत, म्हणजे १९९२पर्यंत, अख्खा गोवा फेरीबोटीच्या रांगेत उभा. माझ्या आत्याचं लग्न नदीपलीकडे बेतीला होतं. नवरदेव वेळेवर हजर आणि भटजी अडीच तास रांगेत! आता तीन-तीन पूल आहेत, २०१९चा अटल सेतू दोऱ्यांवर टांगल्यासारखा दिसतो. पण फेरीबोट अजून चालते. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. आई-अण्णांना बेतीपर्यंत नेऊन त्याच बोटीने परत आणा. पाण्यातून दिसणारी पणजीच खरी, खलाशांना दिसायची तशी.

---

रिझर्व्हेशन_वाला (१६ नोव्हेंबर, सकाळी ८:१५)

इतिहास झाला, आता कामाचं बोलतो.

जेलरोडला राहता ना, मग मुंबईला कशाला जाता? मंगला एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि थेट मडगावला नेते. गाडी बदलायची भानगड नाही. मात्र लांबून येणारी गाडी, उशीर धरूनच चाला. मडगावच्या स्टँडवरून पणजीला कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, शटल. खिडकीवर तिकीट काढा, मध्ये थांबत नाही.

पणजीत अण्णा एकटे कुठे निघाले तर 'पायलट' करा. म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, पिवळ्या मडगार्डवाली. मागे बसायचं, भाडं आधी ठरवायचं. टॅक्सीवाल्यांशी तर बसण्याआधीच बोला. मला एकाने चार किलोमीटरला जे सांगितलं त्यात नाशिक-पुणे शिवशाही झाली असती.

दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद असतात. तेव्हा जेवा आणि झोपा, तुमच्यावरही कुणी हसणार नाही. चर्चच्या नागमोडी पायऱ्या आईंना नकोत, खालून बघितलं तरी पुरे. ८ डिसेंबरला तिथलं फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा असते. समोर खाजं, खेळणी, भांडी यांची दुकानं लागतात. तारीख जुळवता आली तर जुळवा.

---

जेलरोडकर (१६ नोव्हेंबर, रात्री १०:४०)

सगळ्यांचे आभार. तिकीट काढलं, ६ ते ९ डिसेंबर. धागा छापून अण्णांना दिलाय. लाल पेनने खुणा करत बसलेत. पेन्शनर काकांच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून बघितली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

---

जेलरोडकर (१२ डिसेंबर, रात्री ११:१०)

आलो परत. उशिरा लिहितोय, पण लिहितो म्हटलं होतं.

मंगला दोन तास लेट. त्यामुळे पणजीला पोहोचेस्तोवर अंधार पडला आणि पहिलं दर्शन कॅसिनोच्या दिव्यांचं झालं. आई म्हणाली, "कुणाचं लग्न आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भोंग्याच्या पों-पों आवाजाने जाग आली. पोदेर, पाववाला. सायकलला मागे टोपली, त्यावर निळं प्लास्टिक. अण्णा लुंगीवर खाली गेले आणि गरम पोई घेऊन आले. बाहेरून कोंडा लागलेली, आतून पोकळ. आईने ती दोन्ही हातांनी फाडली, वाफ बघितली आणि म्हणाली, "ही भाकरीची मावशी दिसते." नाश्त्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी, सुकी भाजी आणि बन. मिसळ नाही म्हणून मीच कुरकुरलो, ते दोघे नाही.

मग चालायला लागलो. जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ला जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग करायचा. सगळं माणसाच्या मनातूनच होतं, माझ्या अंगात काही शक्ती नाही, असं म्हणणारा. रामचंद्र पांडुरंग कामत यांचं १९४५ सालचं शिल्प. एक बाई मागे कोसळतेय आणि हा तिच्यावर हात पसरून उभा. आईने पुढून बघितलं, मागे जाऊन बघितलं. "तिला धरत का नाही हा?" मला उत्तर देता आलं नाही.

मेनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या दारातल्या निळ्या फरशा कुणी सुचवल्या नव्हत्या, सहज आत शिरलो म्हणून दिसल्या. भिंतभर पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग, जहाजं, वादळं, दाढीवाले. आईला बसायला बाकही मिळालं. पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीतही गेलो. तिची सुरुवात १८३२ची, आणि नाव कृष्णदास शामाचं, सोळाव्या शतकात इथे कृष्णचरित्र लिहिणारा. मराठी वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या एका गृहस्थांशी अण्णांची तासभर गट्टी जमली. विषय अर्थातच फूल आणि दोन पानं. ते दोन पानांचे निघाले. निघताना दोघांनी हात मिळवले, पण अण्णा बाहेर येऊन म्हणाले, "माणूस चांगला आहे, मत चुकलंय."

आता टांकसाळ. ताई, दुपारी सगळं बंद झाल्यावर गेलो. रस्त्यावर एक मांजर आणि आम्ही तिघं. अण्णा त्या घरासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं नोटांचं काही सांगतील. ते म्हणाले, "आत उजेड कमी असणार. नाणी पाडायला चालतं, छपाईला नाही चालायचं." मग चार वाजता पोस्टात गेलो. त्यांनी मला मुक्तीनंतरचा हिशोब समजावला. पोर्तुगीजांनी आधी रुपिया आणि १९५८-५९च्या सुमाराला एश्कुदो हे चलन आणलेलं, ते सगळं बाद झालं आणि त्या पोस्टाच्या खिडकीत आपली तिकिटं आली. म्हणजे नाशिकची. हे सांगताना आवाज जरा चढला होता, खिडकीतल्या बाईंनी मान वर करून बघितलं. त्यांच्याकडून अण्णांनी एक पाच रुपयांचं तिकीट घेतलं आणि ताव उलटसुलट करून कडेला काय छापलंय ते चष्मा वर करून वाचलं.

"हैदराबाद," म्हणाले, आणि तिकीट पाकिटात ठेवलं.

संध्याकाळपर्यंत फार बोलले नाहीत. फेरीबोटीत मात्र खुलले. बेतीला उतरलोच नाही, तशीच बोट परत. पाण्यातून पांढरं चर्च, त्याच्या वर आल्तिन्होची झाडी. पायऱ्या तिथून घडी घातलेल्या उपरण्यासारख्या दिसतात.

८ तारखेला फेस्त बघितलं. आई ठरवून खाली बसली होती. मी आणि अण्णा वर गेलो, दहा मिनिटांनी मागे बघतो तर बाई पहिल्या वळणावर! कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. वर आली, घंटेकडे बघितलं, "ही ती दुसऱ्या गावची का?" एवढंच विचारलं. दोन दिवस गुडघे सुजलेत, आमच्यावर बोल लावत नाही हे विशेष.

राहिलेलं: मारुतीगड, रायबंदरचा बांध, आणि कला अकादमी. चार्ल्स कोरियांची ती इमारत बघायचीच होती, वेळ पुरला नाही. चहावाले, दोन दिवस कमी पडले हो.

---

मळ्यातली (१३ डिसेंबर, सकाळी ६:५०)

भाकरीची मावशी! माझ्या आईला फोन करून वाचून दाखवलं. तुमच्या आईंसाठी माड्याच्या तेलाची मालीश सांगितलीय तिने, म्हणजे खोबरेल, कोमट करून.

मारुतीची जत्रा फेब्रुवारीत असते. मी जाणार आहे.

---

सीबीएसचा_चहा (१३ डिसेंबर, सकाळी ९:२५)

बरं बरं, हरलो. मंगलाला फेब्रुवारीचं वेटिंग किती चाललंय, बघा की कुणीतरी.

---

रिझर्व्हेशन_वाला (१३ डिसेंबर, सकाळी ९:३१)

जत्रेची तारीख कळली की सांगा. आणि या वेळी कॅसिनोचे पैसे आधी ताईंकडे जमा करा.